अंगणातलं कॉलेजचं गणित

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथीच्या परीक्षेत मास्तरांनी माझं पान तांबड्या शाईनं भरून टाकलं होतं. त्यानंतर शाळाच सुटली, म्हणून त्या चुका तशाच राहिल्या. ज्याच्या हाती ही वही पडेल त्यानं अडेल तिथं मोठ्यानं वाचावं, म्हणजे डोळ्यांना नाही कळलं तरी कानाला कळेल. वही माझ्या नातीची आहे. अर्धी तिच्या कॉलेजच्या गणितानं भरली आहे आणि उरलेली पानं मी मागून घेतली. परवा ती पुढची पानं सहज चाळली तर आकड्यांच्या चौकटी दिसल्या, दोन आकडे वर, दोन खाली, दोन्ही बाजूंना उभ्या रेघा. साठ वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या फळ्यावर अशाच चौकटी असायच्या. नातीला म्हटलं, ह्या मला ठाऊक आहेत. ती हसली. मग म्हटलं, लिहूनच ठेवावं. हे मी आजवर एका माणसाशिवाय कोणाशी बोलले नाही, आणि तेही आगगाडीच्या खिडकीतून दोन मिनिटं.

आम्ही तेव्हा सोलापुरात साखर पेठेत राहत होतो. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि खोलीसमोर चार खाटा मावतील एवढं सारवलेलं अंगण. दादा, म्हणजे माझे वडील, गिरणीच्या कापडाच्या गोदामात कारकून होते. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी सकाळचा पहिला भोंगा झाला की आई अजून चुलीवर त्यांच्या चहाचं आधण ठेवायची आणि मग आठवण होऊन उतरवायची. शेजारी नरसव्वाचं घर. ती तेलुगू, तिचा नवरा मागावर लुगडी विणायचा. त्यांचा माग उजाडताच सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत, खटक-खट, खटक-खट. आमच्या भिंतीवरची भांडी त्यानं बारीक थरथरायची. पाहुणे आले की त्यांना तो आवाज सोसवत नसे. आम्हाला माग थांबला तरच दचकायला व्हायचं. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, ताक. महिनाअखेरीला भाकरीऐवजी कण्या, किंवा हुलग्याचं माडगं. आई उरलेल्या भाकऱ्या तव्याच्या कडेला उभ्या करून कडक करून ठेवायची. त्या मोडल्या की कडाकड आवाज यायचा, आणि पुढच्या खोलीत पोरं शिकत असली की तेवढ्या आवाजाचीही मला लाज वाटायची.

पोरं म्हणजे अण्णाची. अण्णा माझा थोरला भाऊ. पुण्याला राहून, वार लावून जेवून, तो गणित घेऊन बी.ए. झाला होता. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. इकडची पोरं पुण्याला जायची, आणि पुष्कळशी पहिल्या दोन वर्षांतच गणितात आपटून घरी परत यायची. अण्णाला कुठल्या हायस्कुलात जागा मिळेना, म्हणून त्यानं अशा नापास पोरांचा क्लास काढला. पाच जण आले. प्रत्येकी तीस रुपये, तेही आगाऊ, कारण वाण्याची उधारी आणि घराचं भाडं दोन्ही थकलं होतं. कोणी एवढे पैसे आगाऊ देईना तेव्हा अण्णानं सर्वांसमोर शब्द दिला, "मुलगा पास झाला नाही तर पै न पै परत." आईनं आतून ते ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच परातीत सोडलं. पोरं गेल्यावर ती म्हणाली, "अरे, पैसे तर आत्ताच वाण्याकडं निघालेत. परत कुठून देशील?"

"पास होतील, आई. मी शिकवणार आहे ना."

"तुला येतं म्हणून त्यांना येईल होय?"

आई एक अक्षर शिकलेली नव्हती, पण हे ती पहिल्याच दिवशी बोलली होती.

क्लास सकाळी असायचा. पाच जण तरटावर बसायचे, अण्णा फळ्याशी, आणि मी आतल्या दाराच्या फळीमागं भाजी निवडत. मला तेव्हा तेरावं लागलं होतं. परक्या मुलांसमोर जायचं नाही असं आईनं सांगितलं होतं, पण न सांगता तरी मी कुठं जाणार होते? मला नरसव्वाच्या नवऱ्यासमोर सुद्धा बोलता येत नसे. पोरांना मी आवाजावरून ओळखायचे. बार्शीच्या अडत्याचा मुलगा रतनलाल, सदा थट्टा. अक्कलकोटचा सिद्राम, त्याच्या मराठीत कानडी हेल. केमच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनचा मुलगा ज्ञानू, त्याचा आवाज जाड आणि बोलणं अगदी खेड्यातलं. तो इथं मावशीकडं राहायचा. उरलेले दोघं भाऊ होते, ते फारसं बोलतच नसत.

शिकवणं असं चालायचं की अण्णा इंग्रजीतून नियम सांगायचा, पोरं तो घोकायची, अण्णा फळ्यावर एक उदाहरण करायचा आणि पोरं ते उतरून घ्यायची. दोन समीकरणं, त्यांच्यातले आकडे चौकटीत मांडायचे, तिरके गुणायचे, वजा करायचे. जे येईल त्याला ते डिटरमिनंट म्हणायचे. ते शून्य आलं तर समीकरणांना धड उत्तर नाही. पहिल्याच दिवशी अण्णानं आणखी एक सांगितलं होतं ते माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण पुढं तेच मला जाळत राहिलं. तो म्हणाला होता, "मार्क उत्तराला नसतात, वाटेला असतात. प्रत्येक पायरी लिहायची."

महिन्याभरानं ज्ञानूनं विचारलं, "मास्तर, ह्यो भोपळा आला की उत्तर का मिळत न्हाय?"

"ते पुस्तकात सिद्ध केलंय."

"सिद्ध केलंय ते व्हय. पर का?"

अण्णानं ती सिद्धता पुन्हा फळ्यावर लिहिली. फळा भरला. रतनलाल म्हणाला, "अरे ज्ञानबा, का कशाला पाहिजे तुला? आमच्या अडतीवर पोत्यातला दाणा न् दाणा बघत बसलो तर बाजार उठून जाईल. नियम पाठ कर आणि मोकळा हो." सगळे हसले. ज्ञानू हसला नाही, आणि अण्णाही हसला नाही. त्या दिवशी अण्णा दुपारी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सडा घालून रांगोळीचे ठिपके देत होते. अण्णा तोंड धुवायला तांब्या घेऊन बाहेर आला आणि तसाच उभा राहिला.

"यमे, हे ठिपके मोजून देतेस?"

"मोजायचं काय त्यात? चार बोटं उजवीकडं, चार बोटं वर."

"म्हणजे दोनच पावलं. आणि तेवढ्यावर अंगणातल्या कुठल्याही ठिपक्याशी जाता येतं."

मला वाटलं हा चेष्टा करतोय. "जाता येतं म्हणजे? येतंच की."

"दुसरं पाऊल तिरकं घेतलंस तर?"

"तर फूल तिरकं होईल. पण फूलच राहील. गौरीला काढलं होतं ना, सगळं एका बाजूला कललेलं?"

"आणि दोन्ही पावलं एकाच दिशेला घेतलीस? एक लहान, एक मोठं?"

मला हसू आलं. "मग रांगोळी कसली? एक रेघ होईल नुसती. बाकीचं अंगण कोरडंच."

अण्णानं तांब्या तिथंच खाली ठेवला. "यमे, हाच तो भोपळा," तो म्हणाला. मला काही कळलं नाही. पण तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि चार ठिपक्यांमधल्या एका घरात किती रांगोळी मावते ते मोजून दाखव म्हणाला. मी कुंकवाच्या करंड्याच्या टोपणानं मोजली, साध्या चौकोनी घराला एक टोपण. मग त्यानं सांगितलं, पहिलं पाऊल उजवीकडं तीन घरं आणि वर एक, दुसरं उजवीकडं एक आणि वर दोन. त्या तिरक्या पावलांचं एक मोठं घर झालं, पतंगासारखं. ते तेवढ्याच जाडीनं भरायला बरोबर पाच टोपणं लागली. अण्णानं बोटानं मातीत लिहिलं, तीन दुणे सहा, एक एके एक, सहातून एक गेला पाच. तो माझ्याकडं असा बघत राहिला की मी घाबरून आत पळाले.

त्या दिवसापासून तरट अंगणात आलं. मी उजाडायच्या आत ठिपके घालून ठेवायची आणि पोरं यायच्या वेळेला दाराआड जायची. अण्णा फळ्यावर न लिहिता ठिपक्यांवर शिकवू लागला. सिद्रामला एका पावलाचे खडे द्यायचा, ज्ञानूला दुसऱ्या पावलाचे, आणि म्हणायचा, "उजवीकडं सात, वर चार, त्या ठिपक्यावर पोचा. सिद्रामचं पाऊल दोन आणि एक, ज्ञानूचं एक आणि एक. कुणी किती टाकायची?" ते खडे मांडत जायचे. सिद्रामची तीन, ज्ञानूचं एक. मग अण्णा म्हणायचा की हीच ती दोन समीकरणं, जी तुम्ही महिनाभर घोकत होता. फळीच्या फटीतून मला ज्ञानूचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा दिसला. तो ठिपक्यांकडं एकटक बघत होता. "आरं तिच्या मायला," तो हळूच म्हणाला आणि मग अण्णाकडं बघून जीभ चावली. पुढं तिसरं पाऊल वर हवेत घ्यायचं आलं तेव्हा अण्णानं नरसव्वाकडून तुटका धागा मागून आणला आणि तो ठिपक्यावर उभा धरून दाखवला.

पेठेत हसू झालं. नरसव्वा दारात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची, ती ओरडायची, "काय ओ मास्तर, ह्यांची लग्नं जमवायलेत काय? पोरं लई झ्याक रांगोळी काढायलेत!" रतनलाल मात्र अंगणात बसलाच नाही. "धोतराला लागतं, सर," म्हणून तो उंबऱ्यावर बसायचा आणि पुस्तकातली उदाहरणं एकामागून एक वहीत उतरायचा. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "बायकांचं काम गडी माणसांनी करायचं, आणि तेही रस्त्यावर," ती म्हणायची. पण पोरं जाताना हसत जायची, आणि अण्णा दोन घास जास्त जेवायचा, म्हणून तीही गप्प बसायची.

आता जे लिहायचं ते लिहिते. एके दिवशी झाडताना ज्ञानूची वही तरटाखाली राहिलेली सापडली. मला इंग्रजी येत नव्हतं, पण मी वही उघडली. पानापानावर ठिपके होते. ठिपक्यांवर रेघा, रेघांच्या शेवटी एक खूण, आणि खाली उत्तराचा आकडा. मध्ये एक अक्षर नव्हतं. रतनलालची वही मी पाहिली होती, ती ओळींनी काळी होती. मला त्या क्षणी अण्णाचं वाक्य आठवलं, मार्क वाटेला असतात. मी वही हातात धरून अंगणात उभी होते आणि मला सगळं कळलं होतं. अण्णाला कळत नव्हतं, कारण ज्ञानू तोंडानं सगळ्यात आधी आणि बरोबर सांगायचा, आणि त्या आनंदात अण्णानं लिहून घेणं केव्हाच सोडलं होतं.

मी बोलले नाही. त्याच दिवशी सकाळी ज्ञानू अण्णाला म्हणाला होता, "मास्तर, ही रांगोळी ज्या हातानं काढली त्या हातानं आमास्नी गणित शिकीवलं बगा." ते मी दाराआडून ऐकलं होतं. माझ्या हाताचं नाव तोवर कोणी काढलं नव्हतं. सांगितलं असतं तर तरट पुन्हा आत गेलं असतं, फळा पुन्हा आला असता, आणि माझे ठिपके पायाखाली पुसले गेले असते. तेरा वर्षांच्या मुलीचा विचार तो. पण विचार नव्हता असं मला म्हणता येणार नाही. मी वही पुसून त्याच्या जागेवर ठेवली.

परीक्षेला पोरं पुण्याला गेली. निकाल वर्तमानपत्रात यायचा. त्या दिवशी अण्णा वाचनालयात गेला तो बराच वेळ आलाच नाही. आई भाकऱ्या थापत होती. तो आला, खुंटीला टोपी लावली आणि म्हणाला, "रतनलाल पास झाला."

"आणि?" आईनं विचारलं.

"रतनलाल."

आईची तव्यावरची भाकरी करपली. वास आल्यावर तिनं ती उलटली आणि तीच आपल्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानू आला. तरट घातलं तरी त्यावर बसला नाही, पायरीवरच बसला. त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

"मास्तर, पेपर लई सोपा व्हता."

"मग?"

"समदी उत्तरं बरूबर व्हती. भाईर आल्यावर रतनलालसंगं मिळवली की. त्याची दोन चुकली व्हती. माजं एक बी न्हाय."

अण्णा त्याच्यासमोर बसला. "काय लिहिलंस ते सांग. जसंच्या तसं."

"ठिपकं काढलं. रेघा वढल्या. खाली उत्तर लिवलं."

"आणि मधलं?"

ज्ञानूनं त्याच्याकडं नवलानं पाहिलं. "मधलं दिसतंयच की, मास्तर."

शेजारी माग चालू होता.  तपासणाऱ्यानं काय पाहिलं, किती मार्क दिले, ते कळायला मार्ग नव्हता. पण अण्णाला ते न कळवताही कळलं होतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पुन्हा बसशील? मी पैसे घेणार नाही."

"बा म्हन्तो झालं तेवढं बास. टेसनात जागा रिकामी हाय." तो उठला. "तुमचं काय चुकलं न्हाय मास्तर. समजलं की मला समदं." आणि तो गेला. मी दाराआड होते. पदर तोंडात धरून मी तिथंच खाली बसले. आईला वाटलं माझं पोट दुखतंय, तिनं ओवा दिला.

चारजणांचे एकशेवीस रुपये परत द्यायचे होते. सिद्रामचे वडील अक्कलकोटहून स्वतः आले आणि अंगणात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "काय ओ मास्तर, कॉलेजचं गणित शिकवतो म्हणून पैसा घेतला आन् पोराला रांगोळी शिकवलाव? आमच्या घरात हे काम सुना करत्यात!" अण्णा मान खाली घालून म्हणाला, "देतो. महिन्याच्या महिन्याला देतो." मोहोळचं एक स्थळ माझ्यासाठी जवळजवळ ठरत आलं होतं, त्यांनी आठ दिवसांत पत्रिका परत पाठवली. त्यांच्या कानावर गेलं होतं की ह्या घरात मुलगी परक्या पोरांना रांगोळी काढून देते. आई त्या दिवशी अण्णावर पहिल्यांदा ओरडली. "तुझ्या गणितानं माझ्या पोरीचं घर घालवलं!" अण्णा गिरणीत हजेरीच्या कचेरीत चिकटला. बी.ए. माणूस दारात उभा राहून कामगारांची हजेरी मांडायचा. आई आणि मी नरसव्वाकडच्या कांड्या भरायला लागलो. आमच्यातल्या बायकांनी असलं काम तोवर केलं नव्हतं. नरसव्वानं मात्र एकदाही टोमणा मारला नाही. उलट माझा धागा तुटायचा तेव्हा म्हणायची, "हळू ओढ की ग, राग धाग्यावर काढू नको."

सिद्राम आणि ते दोघे भाऊ पुन्हा बसणार होते. वडिलांना न सांगता सिद्राम अण्णाची कचेरी सुटल्यावर संध्याकाळी यायचा, ते दोघेही. अण्णा त्यांना फुकट शिकवायचा, पण आता अंगणाकडं बघायचा नाही. पुन्हा फळा, पुन्हा घोकंपट्टी. पोरं पुन्हा मख्ख. एकदा सिद्राम आपलं लिहिलेलं उत्तर मोठ्यानं वाचत होता. मी आत जमिनीवर दुसऱ्या दिवशीचे ठिपके बसवून बघत होते. सहज मनात आलं, हा बोलतोय तसं काढत जावं. पहिलं पाऊल काढलं, दुसरं काढलं, आणि पुढं एकदम त्यानं उत्तर सांगितलं. माझा हात तिथंच अडला. कसं झालं कोण जाणे, मी आतून म्हणाले, "मधलं राहिलं."

बाहेरचं वाचणं थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय राहिलं?" अण्णानं भिंतीपलीकडून विचारलं.

"तिसऱ्यांदा कुठलं पाऊल टाकायचं ते सांगितलंच नाही. मला दिसत नाही ना इथून."

अण्णानं हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "सिद्राम, परत वाच. तिला काढता येईल असं वाच."

त्यानंतर तोच रिवाज पडला. पोरांनी आधी अंगणात ठिपक्यांवर समजून घ्यायचं, मग आत येऊन लिहायचं, आणि लिहिलेलं भिंतीशी बसून मला वाचून दाखवायचं. मराठीतून. मी पलीकडं ऐकून काढायची. माझी रांगोळी पुरी झाली तर त्यांचं उत्तर पुरं. एखादी पायरी गाळली की मी बांगड्या वाजवायची, बोलायला लागू नये म्हणून. सिद्राम म्हणायचा, "सर, पुण्याचा परीक्षक परवडला, ह्या बांगड्या नको." पण तो लिहायला शिकला. पुढल्या परीक्षेला ते तिघेही पास झाले. मागं माझ्या नातीला मी म्हटलं, तुझी उत्तरं मला वाचून दाखव. ती म्हणाली, आजी, तुला काय कळणार? 

तिघं पास झाले त्या दिवशी आईनं शिरा केला. मी माझा वाटा अण्णाच्या ताटात सरकवला. भिंतीपलीकडून ऐकायचं जे मला तेव्हा सुचलं, ते एक वर्ष आधी सुचायला हवं होतं. आणि सुचणं राहू द्या, मला दिसलेलं नुसतं सांगायचं होतं. सगळ्यांत ज्याला जास्त समजलं होतं तो केमच्या स्टेशनात सांधे बदलत होता.

पैसे परत करण्यात दोन वर्षं गेली. पोरं पास झाली तरी अण्णानं पैसे सोडले नाहीत, पहिल्या वेळी नापास झाले म्हणजे शब्द लागू झाला, असं तो म्हणायचा. जो मोठ्यानं ओरडला त्याचे आधी फिटले. सिद्रामच्या वडिलांचे पहिल्यांदा, मग त्या भावांचे. ज्ञानूनं कधी मागितलेच नाहीत, म्हणून त्याचे सगळ्यात शेवटी राहिले. हे बरोबर नव्हतं हे अण्णालाही ठाऊक होतं. मनीऑर्डरनं थोडे थोडे करून बावीस गेले. आठ उरले होते तेव्हा माझं लग्न जेऊरला ठरलं आणि झालं. सासरी पोचवायला अण्णा माझ्याबरोबर गाडीत होता. केम लागलं. गाडी तिथं थोडाच वेळ थांबते. अण्णानं खिडकीतून हाक मारली, "ज्ञानू!"

तो निळ्या कोटात धावत आला. दाढी आली होती. "मास्तर! तुमी?" अण्णानं खिशातून पुरचुंडी काढली आणि पैसे मोजायला लागला. "आता कशाला वं ते," ज्ञानू म्हणाला, पण त्यानं हात पुढं केला होता. मी डोक्यावरचा पदर ओढून पलीकडं बघत होते. मला ठाऊक होतं की गाडी हलली की हे पुन्हा कधी बोलायला मिळणार नाही. मी तोंड खिडकीकडं वळवलं. त्याच्याशी समोरासमोर मी एक शब्द कधी बोलले नव्हते.

"तुमची वही मी पाहिली होती," मी म्हणाले. "परीक्षेच्या आधी. तुम्ही मधलं लिहीत नव्हता ते मला दिसलं होतं. मी अण्णाला सांगितलं नाही."

मी कोण ते ज्ञानूच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग तो म्हणाला, "मास्तरांनी पयल्याच दिशी सांगितलं व्हतं की ताई, पायऱ्या लिवा म्हनून. मी बी ऐकलं व्हतं. पर ते ठिपकं समूर दिसत असलं की लिवायचं ध्यानातच येत नसं." आणि मग म्हणाला, "पर सांगायला पायजे व्हतं तुमी."

"हो," मी म्हणाले.

अण्णानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्याचं मोजणं अर्ध्यावर थांबलं होतं, ते त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक एक रुपया ज्ञानूच्या तळहातावर ठेवला. पुढं इंजिनानं शिट्टी दिली. ज्ञानू गाडीबरोबर दोन पावलं चालला, मूठ मिटली आणि मोठ्यानं म्हणाला, "बावीस आन् आट. तीस झालं, मास्तर. माजं काय बाकी न्हाय."